शेजारच्या खोलीतलं हसू

१

मी कान तपासते. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, आवाज आला की दाबा. यात न समजण्यासारखं काही नाही. तरी अधूनमधून एखादा महाभाग निघतोच, जो मी आवाज सोडायच्या आधीच बटण दाबून मोकळा होतो. विचारलं तर छातीवर हात ठेवून सांगतो, "आला की हो, बारीकसा." तो खोटं बोलत नसतो. कानात काही दोष निघेल या धास्तीनं त्याचं मन स्वतःच आवाज तयार करत असतं. मला अशा लोकांचा मनस्वी राग येतो, कारण त्यांची तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

हे आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐकून तुम्ही मला त्यांच्यातच बसवणार, हे मला माहीत आहे. त्या संध्याकाळी मीही स्वतःला तिथंच बसवलं होतं.

बारकी ही माझी धाकटी बहीण. तिशीला टेकली तरी घरात बारकीच. वर्षभर आम्ही तिला दवाखान्यातून घरी आणि घरून दवाखान्यात नेत होतो. शेवटी एकदाचा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाले, आता माझ्याकडे येऊ नका. आई तिथंच खुर्चीत बसून रडली. बारकी मात्र जिना उतरता उतरता मला म्हणाली, "ताई, मला कुठंतरी ने. सूप नको, फळं नको, सल्ले नकोत. जिथं ग्लासात छोटी छत्री खोचून देतात ना, तिथं ने."

ते लाउंज माझ्या नवऱ्यानं शोधून काढलं. तो लिफ्ट तपासतो, त्यामुळे गावातल्या सगळ्या इमारती त्याला आतून ठाऊक. "ताई कान तपासते, भाऊजी लिफ्ट तपासतात," बारकी नेहमी म्हणते, "या घरात न तपासलेलं काही शिल्लकच नाही."

२

दारावरच्या बाईनं निमुळती टोपी आणि पांढरे हातमोजे घातले होते. जुन्या जाहिरातीतल्या हवाईसुंदरीसारखं तोंडभर हसत तिनं आमचे मोबाइल आणि घड्याळं मागून घेतली आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. तिथली रीतच तशी. आत गेलं की आत्ताचं काही जवळ ठेवायचं नाही. मग एका कपाटातून प्रत्येकानं अंगावर काहीतरी जुनं चढवायचं. नवऱ्यानं रुंद टाय घेतला. मला तपकिरी स्वेटर मिळाला. बारकीसमोर बाईनं रेशमी रुमाल धरला, तशी ती म्हणाली, "डोक्याला रुमाल नको बाई, पुरे झाले या जन्माचे." तिचे केस आत्ता कुठं बोटभर वाढले होते. तिनं भलामोठा गॉगल उचलला आणि लावला.

आत ओळीनं खोल्या होत्या. प्रत्येक खोली म्हणजे कुणाच्या तरी घरची जुनी बैठक. आमच्या वाट्याला शेवटून दुसरी आली. सनमायकाचं टेबल, क्रोशाचे रुमाल टाकलेला सोफा, शोकेसमध्ये चिनी मातीची कुत्री, नुसता दिवा पेटणारा रेडिओ. पडद्याच्या फटीतून अजून उन्हाचा एक पट्टा आत येत होता. कोपऱ्यात काळा, बोटानं फिरवायचा फोन.

"काही लागलं की शून्य फिरवा," बाई म्हणाली, "मीच उचलेन. आणि पेयं इथून येतील."

डाव्या भिंतीत एक बुटकं कपाट होतं. नवऱ्याची कळी लगेच खुलली. ती ग्लासांची लिफ्ट होती. खालच्या बारमधून वर यायची आणि एकीवरच दोन खोल्यांचं भागायचं. एक दार आमच्या बाजूला, एक शेजारच्या.

"दोन्ही दारं एका वेळी उघडत नाहीत," त्यानं कडी हलवून दाखवली. "एक उघडं असलं की दुसरं अडकतं. नाहीतर पलीकडच्याचं पेय आपणच पिऊन टाकू."

"म्हणजे सोय असून उपयोग नाही," बारकी म्हणाली.

पेयांची नावं वाचून आम्ही हसलो. 'परीक्षा संपली', 'रविवारची दुपार', 'पाहुणे गेले'. बारकीनं दारू नसलेलं 'परीक्षा संपली' मागवलं. घंटी वाजली, दार उघडलं, आत तीन ग्लास होते. तिच्या ग्लासात छत्री होती.

मला फार बरं वाटलं. किती दिवसांनी मी तिच्याकडे नुसतं बघत होते.

३

शेजारची मंडळी रंगात आली होती. लिफ्टच्या पोकळीतून त्यांचे आवाज येत. शब्द नाही, नुसती कुजबुज आणि अधूनमधून हसू. एक पुरुष, दोन बायका. मी हे मुद्दाम ऐकलं नव्हतं. माझे कान सुट्टी घेत नाहीत.

नवऱ्यानं त्याचा ठरलेला विनोद काढला. आम्ही तो पाठ केलेला आहे. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकते, आतला माणूस ओरडतो, बाहेरचा धीर देतो, "घाबरू नका, मी लिफ्टचा इन्स्पेक्टर आहे!" इथं नवरा नेहमी थांबतो, चष्मा वर करतो, मग पुढचं बोलतो.

तो थांबला आणि भिंतीपलीकडे हसण्याचा स्फोट झाला.

"आतून आवाज येतो, 'मीसुद्धा!'" नवरा म्हणाला. बारकी खदखदून हसली. हसण्याच्या शेवटी तिचं नाक फुरफुरतं, तसं फुरफुरलं.

"बघा, शेजाऱ्यांनापण आवडला," नवरा खूश झाला.

मी ग्लास खाली ठेवला. शेजारच्या हसण्याच्या शेवटीही कुणाचं तरी नाक फुरफुरलं होतं. लहानपणापासून त्या फुरफुरण्यावरून आम्ही बारकीला छळत आलोय, आणि तसं हसणारं दुसरं माणूस मी कधी ऐकलेलं नाही.

पोकळीतून आपलाच आवाज फिरून येतो, मी स्वतःला समजावलं. पण फिरून येणारा आवाज मागून येतो. आधी येत नाही. हे मी नवशिक्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवते.

पलीकडे काच फुटली. कुणीतरी "अरेरे" म्हणालं. मी बारकीच्या ग्लासाकडे पाहिलं. तो टेबलाच्या मधोमध होता. मी तो आणखी आत सरकवला. त्यावर ती म्हणाली, "ताई, मी काही कुक्कुलं बाळ नाही," आणि ग्लास परत ओढायला गेली तो निसटून खाली पडला. नवरा म्हणाला, "अरेरे."

४

मग शेजारची बाई बोलायला लागली. चिरका, वरच्या पट्टीतला आवाज, प्रत्येक वाक्याला काळजीची शेपटी. "पाय वर घे, काच लागेल. थांब, तू उचलू नकोस. थंडी वाजतेय का?" असं एकसारखं. मी मनात म्हटलं, कोण ही किरकिरी बया, हिच्याबरोबर माणसं बाहेर येतात तरी कशी.

"पाय वर घे, काच लागेल," मी बारकीला म्हणाले. "थांब, तू उचलू नकोस."

बारकीनं गॉगल नाकावर सरकवला. "ताई, ऐकतेयस ना? ती शेजारची बाई डिट्टो तुझ्यासारखी बोलते."

"काहीतरीच. माझा आवाज असा आहे?"

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

माणसाला स्वतःचा आवाज आतून, हाडांमधून ऐकू येतो, म्हणून तो भरदार वाटतो. बाहेरून कसा येतो ते त्याला कधी कळत नाही. रेकॉर्डिंग ऐकून चिडणारे लोक मी रोज बघते आणि त्यांना हेच समजावते. शेजारचं हसू मी ओळखलं, नवऱ्याचं 'अरेरे' ओळखलं, फक्त माझाच आवाज मला परका वाटला. अंगावर सरसरून काटा आला.

मी उठून भिंतीला कान लावला. नवरा म्हणाला, "अगं, शोभतं का हे?" मी त्याला हातानं गप्प केलं. पलीकडे वाद चालला होता. बारकीचा आवाज चढलेला. मग खुर्ची मागे सरकली. दार उघडलं, लागलं. मग बराच वेळ काही नाही.

त्यानंतर ती बाई एकाच नावानं हाका मारायला लागली. "बारके. ए बारके. बारके!"

तिथून पुढे पलीकडे दोनच माणसं होती. मी वाट पाहिली. तिसरा आवाज आला नाही.

शेजारी आमच्यापुढे चालले होते आणि अंतर वाढत होतं. आधी एका शब्दाचं, मग वाक्याचं, आता अख्ख्या प्रसंगाचं. मन म्हणत होतं, तू घाबरलेली आहेस, तू बटण आधी दाबतेयस. पण कान ते मानत नव्हते. 

५

"निघू या," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"आत्ता? अजून दुसरं पेय यायचंय," नवरा म्हणाला.

"नको. उठा. बारके, ऊठ."

मी तिचं मनगट धरलं. अंगठा आपसूक नाडीवर गेला. वर्षभराची सवय. बारकीनं आधी हाताकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, आणि गॉगल काढला.

"पुन्हा सुरू झालं तुझं?"

"सुरू नाही गं. मला इथं बरं वाटत नाहीये."

"तुला कुठंच बरं वाटत नाही, ताई. मी जिना उतरले की तुला बरं वाटत नाही. मी खोकले की बरं वाटत नाही. डॉक्टर म्हणाले मी बरी आहे. आई रडली, तूही रडलीस. मग आता मला जगू दे ना! तू माझ्याशी बोलत नाहीस, माझी तपासणी करतेस."

तेवढ्यात फोन वाजला. तो एवढ्या मोठ्यानं वाजला की आम्ही तिघंही दचकलो. मी उचलला.

"माफ करा हं," दारावरच्या बाईचा गोड आवाज. "शेजारच्या खोलीतल्या बाई मघापासून सारखा फोन करतायत. म्हणतात, तुमच्याकडे एक मुलगी आहे, तिचं हसणं त्यांना ऐकू येतं. तिला जरा आमच्याकडे पाठवा म्हणतात. फार काकुळतीला आल्यायत हो."

"अजिबात नाही," मी ओरडले. "आणि तुम्ही आमचं सामान काढून ठेवा, आम्ही निघालोय."

फोन ठेवला. काय झालं ते सांगावंच लागलं. हीच माझी चूक. थाप मारून तिला दाराबाहेर काढायचं सोडून मी खरं सांगत बसले. हसणं आधी आलं, काच आधी फुटली, ती खोली आपलीच आहे आणि तिथं तू नाहीस. बोलता बोलता माझा आवाज चढत गेला, चिरका झाला, आणि या वेळी तो मला बाहेरून ऐकू आला.

 बारकीचा राग उतरला. तिला माझी कीव आली होती.

"ताई, किती भ्यायलीयस गं," ती हळूच म्हणाली. "मी जाऊन बघून येते. कुणी बिचारी एकटी बाई असेल. नमस्कार करते आणि आले. मग तर पटेल ना तुला?"

"नको. बारके, नको."

मी मनगट आणखी आवळलं. तिला दुखलं असणार. तिनं झटका देऊन हात सोडवला, खुर्ची मागे सरकली. दार उघडलं आणि लागलं.

६

मी लगोलग धावले. मला नीट आठवतंय, ती आणि मी यांच्यामध्ये एका दाराच्या उघडझापीएवढाच वेळ होता. बोळ रिकामा होता. शेजारच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं.

आत अंधार. खुर्च्या टेबलावर उलट्या टाकलेल्या, सोफ्यावर चादर. बंद खोलीचा कोंदट वास. नवऱ्यानं दिवा लावला, सोफ्यामागं पाहिलं, पडदे ओढले. त्या खोलीत बरेच दिवस कुणी बसलेलं नव्हतं, हे जमिनीवरची धूळच सांगत होती. धुळीत आमच्याच पावलांचे ठसे होते.

"ती खाली गेली असेल," नवरा म्हणाला. तो दारापर्यंत पळाला. टोपीवाली बाई म्हणाली, कुणीच बाहेर गेलेलं नाही. डब्यात बारकीचा मोबाइल होता, घड्याळ होतं. त्यानं प्रसाधनगृह पाहिलं, बार पाहिला, मागचा जिना पाहिला. मी आमच्या खोलीत उभी राहून हाका मारत होते. काय हाका मारत होते, ते मला माहीत होतं. तरी थांबता येत नव्हतं.

मग लिफ्टची घंटी वाजली.

मी आमच्या बाजूचं दार उघडलं. आत दुसऱ्या खेपेचे ग्लास होते, तिघांचे. आणि त्यांच्यामागे पलीकडचं दारही उघडं होतं. वीतभर. ते तसं होऊ शकत नाही, नवऱ्यानं मला दाखवलं होतं.

त्या फटीतून उजेड येत होता. सोफ्यावरचे क्रोशाचे रुमाल दिसले, टेबलाची कड दिसली. बारकी दिसली, पाठमोरी, बोटभर केसांचं ते डोकं. ती कुणाशी तरी बोलत होती, हसत होती. तिचा एक हात मागे होता आणि तो मनगटाशी कुणीतरी धरला होता.

स्वतःचा आवाज माणसाला बाहेरून ओळखता येत नाही. हात ओळखता येतो. तो रोज समोरच असतो.

अंगठा नाडीवर होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती. मी "बारके!" म्हणून किंचाळले तशी ती वळायला लागली, आणि ती बोटं आणखी आवळली. मग तिकडून दार लागलं. सावकाश, आवाज न करता. झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून लावतात तसं.

मी कडी ओढली, ग्लास फेकले, पत्र्यावर मुठी आपटल्या. पलीकडे माझ्याएवढ्याच ताकदीचं माणूस दार धरून होतं. तिनं ते सोडलं नाही. मीही सोडलं नसतं.

७

नवरा परत आला तेव्हा मी जमिनीवर बसले होते. त्याचा टाय कुठंतरी पडला होता. तो म्हणाला, पोलिसांना बोलावू. म्हणाला, आईला काय सांगायचं. मग तोंडावर हात ठेवून रडायला लागला. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं, वर्षभरातसुद्धा नाही.

मला रडू येत नव्हतं. मला ऐकू येत होतं.

डावी भिंत आता अगदी मुकी झाली होती. आवाज उजवीकडून येत होता, जिथून संध्याकाळभर काही आलं नव्हतं. एक पुरुष, दोन बायका. ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज. पुरुष काहीतरी रंगवून सांगत होता, थांबला, पुन्हा बोलला. मग तिघं हसली. शेवटी नाक फुरफुरलं.

नवऱ्यानं डोळे पुसले. त्यालाही ऐकू आलं होतं.

"तीच आहे," तो कुजबुजला. "देवा. तीच आहे ना गं?"

मी उठले. तिच्या हसण्यात भीती नव्हती, दुखणं नव्हतं. आत्ताच रिपोर्ट चांगला आलेल्या मुलीचं हसणं होतं ते. आणि तिच्या शेजारी कुणीतरी तपकिरी स्वेटर घालून बसलं असणार. कितीतरी दिवसांनी आज ती बाई आपल्या बहिणीकडे नुसतं बघत असणार. तिला फार बरं वाटत असणार. मला तिची दया आली. खरंच आली. 

मी फोनपाशी गेले. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मग उजव्या भिंतीकडे, आणि त्याचा चेहरा उतरला.

"थांब," तो म्हणाला. "अगं, तिकडे कोण बसलंय, कळतंय ना तुला?"

"कळतंय," मी म्हणाले, आणि शून्य फिरवलं.